वजनाआधी घाट

गोल हिरा घेणाऱ्याचं निम्मं काम कागद करून ठेवतो. वजन, रंग, स्वच्छता आणि कट या चारही गोष्टी जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर छापलेल्या असतात. कटपुढे ‘एक्सलंट’ असा शेरा असला की हिऱ्यात शिरलेला उजेड बहुतांशी डोळ्यांकडेच परत येणार, एवढा भरवसा धरून माणूस पुढचा विचार करू शकतो. थेंबाच्या घाटाच्या हिऱ्याला, म्हणजे बाजारात ज्याला पेअर म्हणतात त्याला, ही सोय नाही. जीआयए कटचा दर्जा फक्त गोल ब्रिलियंटला देते. पेअरच्या कागदावर पॉलिश आणि सिमेट्री यांचे शेरे असतात, लांबी, रुंदी, खोली यांची मापं असतात, आणि तिथे कागद संपतो. घाट डौलदार आहे की बेढब, मधोमध काळोख आहे की उजेड खेळतो आहे, यावर त्यात अक्षरही नसतं. म्हणून जीआयएचा कागद पुढे करून कोणी ‘ट्रिपल एक्सलंट पेअर’ म्हणाला, तर तिसरा एक्सलंट कुठे छापला आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगावं.

पुढची प्रकरणं या न छापलेल्या गोष्टीविषयी आहेत. ती व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली नाहीत. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या ज्या घरांत साखरपुड्याच्या निमित्ताने पहिल्यांदाच हिरा यायचा आहे, त्या घरांतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्याबरोबर दुकानात जाणाऱ्या आईवडिलांसाठी ती आहेत. या घरांना सोनं कळतं. तोळा, घट, मजुरी, हॉलमार्क यांचा हिशेब आजीपासून नातीपर्यंत तोंडपाठ असतो. मोतीही कळतो. हिऱ्यापुढे मात्र हीच माणसं एकदम गप्प होतात आणि समोरचा म्हणेल ते मान्य करतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. कारण पेअर पारखायला जे लागतं ते त्यांच्याजवळ असतंच: दोन डोळे, थोडा वेळ आणि प्रश्न विचारायची तयारी.

मी गिरगावचा. ऑपेरा हाउसच्या बाजारात असॉर्टर म्हणून बसलो, म्हणजे दिवसभर चिमट्याने हिरे वेगळे करायचे आणि भिंग लावून त्यांच्या प्रती लावायच्या. धनजी स्ट्रीट आणि झवेरी बाजाराच्या गल्ल्यांतून हा धंदा चर्नी रोड स्टेशनजवळच्या पंचरत्न इमारतीत आणि आसपासच्या प्रसाद चेंबर्ससारख्या इमारतींत आला. बहुतेक व्यापारी पालनपूरचे जैन नाहीतर काठियावाडचे पटेल, घासकाम सुरतेला, ने-आण आंगडियांच्या हातून. जगात घासल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले नऊ भारतात घासले जातात असं सांगतात, आणि त्यांतले किती तरी या चार रस्त्यांवरून गेले. इमारतींच्या आत जागा पुरत नसे, म्हणून दलाल रस्त्यावरच उभे राहून पुडी उघडत आणि आभाळाच्या उजेडात हिरा फिरवून बघत. 13 जुलै 2011 च्या संध्याकाळी ऑपेरा हाउस, झवेरी बाजार आणि दादर असे तीन ठिकाणी स्फोट झाले, तेव्हा हा रस्ता अशाच माणसांनी भरलेला होता. त्याआधीच, 2010 मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झालं होतं. पुढे मोठे व्यवहार तिकडे सरकले. गिरगावात आता धंद्याची शेपटी उरली आहे, पण उघड्या उजेडात हिरा बघायची त्या रस्त्याची रीत या पुस्तकाच्या पानापानांत आहे.

त्या बाजारात भाव कसा बोलला जातो हे ग्राहकाला माहीत असणं फार उपयोगाचं आहे. 1978 पासून रॅपापोर्ट नावाचा अमेरिकी भावतक्ता निघतो. वजनाचा गट, रंग आणि स्वच्छता यांच्या चौकटीत प्रत्येक हिऱ्याचा एक आकडा त्यात सापडतो, आणि सौदा ‘रॅपच्या इतके टक्के खाली’ असा होतो. तक्ते दोन: एक गोल हिऱ्यांचा, दुसरा पेअरचा. कट कसा आहे याला या चौकटीत रकानाच नाही. तो सगळा हिशेब टक्क्यांत मिटवला जातो. सुबक घाटाचा पेअर आणि काळवंडलेल्या पोटाचा पेअर एकाच चौकटीत बसतात, आणि त्यांच्यातला फरक फक्त दलालांच्या बोलण्यात असतो. दुकानात तो फरक ग्राहकापर्यंत पोहोचतोच असं नाही. सवलतीत मिळणारा पेअर पुष्कळदा का स्वस्त असतो, याचं उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट वजनाच्या पायऱ्यांची. शंभर सेंटांचा एक कॅरट आणि पाच कॅरटांचा एक ग्रॅम. 97 सेंटांवरून 100 सेंटांवर गेलं की दर कॅरटचा भाव एकदम वरच्या गटात उडी मारतो. त्यामुळे घासणाऱ्याला ते तीन सेंट सोडवत नाहीत. ते कुठे राखले जातात? कंबरेची कड जाड ठेवून, तळ खोल ठेवून, खांदे फुगीर ठेवून. यातली जाड कंबर आणि खोल तळ वरून दिसतच नाहीत, फक्त काट्यावर दिसतात. चांगल्या घाटाचा एक कॅरटचा पेअर साधारण साडेआठ बाय साडेपाच मिलिमीटर भरतो. त्याच वजनाचा पण ठासून भरलेला पेअर बोटावर त्याहून लहान दिसतो, आणि पैसे तेवढेच घेतो. म्हणून वजनाच्या आकड्याआधी मापं वाचावीत.

वजन राखायचं की तेज, हा झगडा नवा नाही. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलं आहे की इथले कारागीर स्वच्छ दगडावरून नुसती सहाण फिरवतात आणि त्याचं वजन जाऊ देत नाहीत. दोष असेल तर तो झाकायला मात्र पैलूच पैलू पाडतात. आणि या झगड्याचा सगळ्यांत मोठा दाखला आपल्याच घरातला आहे. गोवळकोंड्याच्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात महादेवाला वाहिलेला म्हणून सांगितला जाणारा एक हिरा 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. इंग्रजांनी त्याला ‘नासक’ म्हटलं, नाशिकवरून. लुटीच्या मालात लंडनला पोहोचला तेव्हा तो सुमारे 90 जुन्या कॅरटांचा, त्रिकोणी घाटाचा दगड होता. आकाराने दिपवणारा, पण तेजाने मंद, कारण ज्याने तो घडवला त्याने वजन हातचं जाऊ दिलं नव्हतं. रंडेल अँड ब्रिज या लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासला, पण मूळ घाटाला धरूनच, आणि वजन साडेअठ्ठ्याहत्तर कॅरटांच्या आसपास राखलं. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या उमराव घराण्यात गेला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने धाडस केलं आणि तो चौकोनी एमराल्ड कटमध्ये घडवला. उरलं वजन 43.38 कॅरट.

निम्म्याहून अधिक हिरा चाकावर धूळ होऊन गेला. त्र्यंबकेश्वरचा हिरा परत यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, आणि तो त्याच्या जुन्या रूपात दिसायला हवा होता असंही वाटतं. देवाच्या अलंकाराला बाजाराची फूटपट्टी लावू नये. पण विकत घेणाऱ्यासाठी त्या आकड्यांत एक सरळ हिशेब आहे. तेज हवं असेल तर वजन सोडावं लागतं. तुमच्यासमोरचा हिरा घडवणाऱ्याने ते सोडलं आहे की नाही, एवढंच तुम्हाला पाहायचं आहे.

थेंबाचा घाट मराठी डोळ्याला परका नाही. शिरपेचाखाली डोलणारा मोती, तन्मणीखालचे लोलक, पाचूचे झुबके यांत तो आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. हिऱ्याच्या बाबतीत मात्र आपली नजर गोलावर घडली: सात हिऱ्यांच्या कुड्या, फुलासारखी मांडणी, सगळे खडे सारखे. गोलात चूक लपत नाही, कारण वर्तुळ कुठून बिघडलं ते कोणालाही दिसतं. पेअरला एकच आस असते, टोकापासून डोक्यापर्यंत. त्या आसेच्या दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असायला हव्यात, आणि तसं असूनही हिरा कुरूप असू शकतो. दोन्ही खांदे सारखेच फुगलेले असले तरी सिमेट्रीला ‘एक्सलंट’ मिळायला अडचण येत नाही. तेव्हा शेरा वाचून थांबू नये.

बाह्यरेषा कशी पाहायची? हिरा टेबलावर पांढऱ्या कागदावर तोंड वर करून ठेवायला सांगावा. डोकं अर्धवर्तुळासारखं भरलेलं हवं. चपटं डोकं हा सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे. डोक्यावरून खांद्यावर येताना रेषा कुठे अडखळू नये. खांद्यांपासून टोकाकडे जाणाऱ्या बाजूंना किंचित बाक हवा. त्या अगदी सरळ असतील तर हिरा त्रिकोणासारखा दिसतो आणि आत खचल्या असतील तर उपाशी दिसतो. टोक नेमकं डोक्याच्या मध्याखाली यावं. लांबी भागिले रुंदी केलं की जो आकडा येतो तो 1.5 ते 1.7 च्या दरम्यान असला तर बहुतेकांना आवडतो. अंगठीला मी 1.5 ते 1.6 कडे झुकेन, कारण लांब बोटं नसलेल्या हातावर फार निमुळता पेअर आडदांड वाटतो. गळ्यातल्या लोलकाला 1.7 किंवा त्याहूनही लांब चालतो. हा आवडीचा प्रश्न आहे आणि इथे कोणी तुम्हाला नियम सांगू लागला तर ऐकून सोडून द्यावं. कानातल्या जोडीचं गणित वेगळं: दोन्ही पेअर मापाने, घाटाने आणि रंगाने जुळायला हवेत, आणि असा जोड लावायला महिने जातात, म्हणून सुट्या दोन हिऱ्यांच्या बेरजेपेक्षा तो महाग पडतो.

आता बो-टाय. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण याच्यावर आहे आणि ते योग्यच आहे. हिऱ्याच्या मधोमध, रुंदीच्या दिशेने, दोन काळे त्रिकोण टोकाला टोक लावून पडलेले दिसतात, त्याला बाजारात बो-टाय म्हणतात. हा दगडातला डाग नव्हे. पेअरचा तळ एकाच खोलीपर्यंत उतरतो, पण रुंदी कमी आणि लांबी जास्त, त्यामुळे रुंदीच्या दिशेने उतार उभा आणि लांबीच्या दिशेने सपाट होतो. सगळ्या पैलूंचा कोन एकाच वेळी बरोबर बसवणं अशक्य असतं. त्यात हिरा बघायला आपण वाकतो तेव्हा वरून येणारा काही उजेड आपल्याच डोक्याने अडतो, आणि मधले पैलू नेमकी तीच अडलेली जागा आपल्याला परत दाखवतात. म्हणून थोडीफार सावली जवळजवळ प्रत्येक पेअरमध्ये असतेच, आणि ‘याच्यात बो-टाय अजिबात नाही’ हे वाक्य सावधपणे ऐकावं.

प्रश्न सावली किती आणि कशी याचा आहे. हिरा चिमट्यात धरून डावीउजवीकडे हळू डोलवा. काळोख उजळून पुन्हा दुसरीकडे उमटत असेल, राखाडी आणि पांढऱ्याची अदलाबदल होत असेल, तर ती सावली हिऱ्याच्या खेळाचाच भाग आहे. तिच्यामुळे बाकीची चमक उठून दिसते. हिरा कसाही वळवला तरी काळा पट्टा जागचा हलत नसेल, तर तो आयुष्यभर तिथेच राहणार. असा हिरा कितीही स्वच्छ, कितीही पांढरा असला तरी परत द्यावा. स्वच्छतेत व्हीव्हीएस दर्जाचा काळ्या पोटाचा पेअर आणि त्याच्या खालच्या व्हीएस दर्जाचा उजळ पेअर यांतला दुसरा निवडायला मी क्षणभरही थांबणार नाही. स्वच्छतेच्या वरच्या पायऱ्यांतला फरक दहापट भिंगाशिवाय दिसत नाही, बो-टाय हातभर अंतरावरून दिसतो.

याच्या उलटा दोष म्हणजे पातळ हिरा. तळ उथळ असला की मधला भाग काचेसारखा आरपार होतो. छापील मजकुरावर हिरा तोंड वर करून ठेवला आणि मधून अक्षरं वाचता आली, तर उजेड तळातून गळतो आहे असं समजावं. असा हिरा वजनाच्या मानाने मोठा दिसतो, हीच त्याची भूल. खोली आणि टेबल, म्हणजे हिऱ्याच्या माथ्यावरचा सपाट पैलू, यांचे टक्के कागदावर असतात; ते लांबीवर नव्हे, रुंदीवर काढलेले असतात. खोली 58 ते 65 आणि टेबल 53 ते 63 च्या दरम्यान असावं असे पट्टे सांगितले जातात. ढिगातून चार हिरे बाजूला काढायला ते ठीक. त्या पट्ट्यांत बसणारे निस्तेज पेअर मी पाहिले आहेत आणि बाहेरचे देखणेही.

हे सगळं कोणत्या उजेडात बघायचं, हा प्रश्न हिऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. दुकानांत छताला बारीक, तीव्र दिवे असतात. त्यांच्याखाली प्रत्येक पैलूतून ठिणगी उडते, कसलेल्या हाताचा हिरा आणि कसाबसा उरकलेला हिरा सारखेच नाचतात. रानडे रोडवर असा की झवेरी बाजारात, हिरा घेऊन दारापाशी या असं नि:संकोच म्हणावं. चांगला दुकानदार माणूस बरोबर देऊन हसत जाऊ देतो. थेट ऊन नको, सावलीतला दिवसाचा उजेड हवा. पावसाळ्यातली ढगाळ दुपार तर उत्तमच. मग काउंटरखालच्या अंधाऱ्या जागेत धरून बघा. आणि शेवटी हात पूर्ण लांब करून बघा, कारण लोक तुमची अंगठी त्याच अंतरावरून बघणार आहेत. एकटा हिरा बघून काहीच कळत नाही. सारख्या वजनाचे दोनतीन पेअर शेजारी मांडायला लावले की डोळा आपोआप निवडू लागतो.

टोक हे पेअरचं सौंदर्य आणि त्याचं मर्मस्थान. रंगाची छटा तिथे सर्वांत आधी दिसते, म्हणून गोलात जो रंग चालला असता त्यापेक्षा एक पायरी वरचा घ्यावा. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एवढी काळजी नको. टोकापाशी दोष असलेला हिरा टाळावा, तो आघाताने टवका उडायला आमंत्रण देतो. बसवताना टोकावर व्हीच्या आकाराची पकड हवी. साधी गोल पकड टोकाला आधार देत नाही, आणि साडीच्या पदरात, लोकलच्या दांडीवर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर टोकच आधी अडकतं नाहीतर आपटतं. सोन्यात हॉलमार्क पाहायचा तो पाहावाच, पण तो सोन्याचा असतो, हिऱ्याविषयी तो काही बोलत नाही.

पैशाविषयी स्पष्ट बोलायला हवं. 1982 च्या गिरणी संपात लालबाग-परळच्या घरांनी महिने काढले ते मंगळसूत्र आणि पाटल्या गहाण टाकून. सोनं त्या घरांच्या पाठीशी उभं राहिलं. हिरा तसा उभा राहत नाही. दागिन्यावर कर्ज देताना सोन्याचं निव्वळ वजन धरतात, खडे वजा करतात. परत विकायला गेलं तर घेतलेल्या किमतीच्या बरंच खाली यावं लागतं. म्हणून अडीनडीची ठेव म्हणून हिरा घेऊ नका. आवडला म्हणून घ्या, रोज बोटात घालावासा वाटतो म्हणून घ्या. आणि तसं असेल तर ज्या गोष्टीने तो रोज आवडेल तिच्यावरच पैसे घालावेत, म्हणजे घाटावर. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यालाही हेच लागू आहे, किंबहुना जास्त. तो रसायनाने हिराच असतो, डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही, त्यासाठी यंत्र लागतं. पण त्याची किंमत इतकी कमी आहे की तिथे वजन राखायला वाईट घासण्याची सबबच उरत नाही. प्रयोगशाळेतला पेअर घेणाऱ्याने बो-टायच्या बाबतीत मुळीच तडजोड करू नये.

1908 मध्ये ॲम्स्टरडॅमला ॲशर यांच्या कारखान्यात कलिनन नावाचा कच्चा हिरा घडवला गेला, तेव्हा त्यातला सर्वांत मोठा तुकडा, 530 कॅरटांचा, पेअरच करण्यात आला. तो आज ब्रिटिश राजदंडात आहे. तेवढ्या मोठ्या हिऱ्याला आणि तीस सेंटांच्या हिऱ्याला बघायची पद्धत एकच आहे, म्हणून पुस्तकातली उदाहरणं मुद्दाम लहान हिऱ्यांची घेतली आहेत, आपल्या बजेटमधली. प्रकरणं ज्या क्रमाने दुकानात काम पडतं त्या क्रमाने लावली आहेत: आधी बाह्यरेषा, मग पोट, मग टोक, मग रंग, आणि वजन सर्वांत शेवटी. वेळ कमी असलेल्याने बो-टायचं प्रकरण तरी वाचून जावं. हिरा ठरला की भिंगाखाली कंबरेवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावा, बिलावर हिऱ्याचं वजन आणि मापं सोन्यापासून वेगळी लिहून घ्यावीत, आणि अंगठी तयार होऊन आल्यावर तोच क्रमांक पुन्हा एकदा मागून बघावा. पकडीखाली तो झाकला जाणार असेल तर हिरा बसवण्याआधीच तसं सांगून ठेवावं.